पिल्लं गप्प झाली तेव्हा

लाइट गेली आणि सत्तेचाळीस पिल्लं एकदम ओरडायला लागली.

एका पिल्लाचा आवाज केवढासा, सुईच्या टोकाएवढा. पण सत्तेचाळीस सुया एकाच वेळी कानात शिरल्या की माणूस हातातलं टाकून पळतो. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून नव्या खोलीत आले. टोपलीखालचा बल्ब विझला होता. पत्र्याच्या गोल कड्याच्या आत, भाताच्या तुसावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर, सगळी पिल्लं त्या विझलेल्या बल्बाखाली गोळा होऊन एकमेकांच्या अंगावर चढत होती. वरची दिसत होती. खालची दिसत नव्हती.

"आत्याबाई, लाइट गेली!"

"मग येईल की," गोठ्यातून माझ्या सासूबाईंचा आवाज आला. "आपल्या एकट्याचीच गेली का?"

"पिल्लं चेंगरतायत!"

मी दोन्ही हात घालून ढीग मोडला. मोडला की ती परत ढीग करायची. कोपऱ्यातल्या झोळीत माझी तनू जागी झाली आणि तिनंही सूर लावला. आठ महिन्यांची होती. तिला उचलून खांद्यावर टाकलं, एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं पिल्लं उपसत बसले. हाताला लागत होती ती पावलं गार होती.

आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. डिसेंबर होता. तीन दिवस आभाळ भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही, आणि वरून असं वारं सुटलेलं की धुतलेली लंगोटी दोन-दोन दिवस वाळत नव्हती.

मी मूळची संगमनेरची. वडील शिंपीकाम करायचे, दुकानाच्या मागच्या एका खोलीत आम्ही वाढलो. कोंबडी मी पाहिली होती ती कापून आणलेली. पण आमच्या बचत गटातून एक दिवसाची पिल्लं मिळणार असं कळलं आणि मी सगळ्यात आधी हात वर केला. माझे यजमान नवनाथ (तोंडानं नाव घेत नाही, कागदावर घेते) संगमनेरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मेकॅनिक आहेत. ते म्हणाले, "तुला अंडं तरी नीट फोडता येतं का?" आत्याबाई म्हणाल्या, "कोंबडीनं करायचं काम आता बल्ब करणार. बघू, बल्ब बसतो का पंख पसरून."

पन्नास पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यातून आली. पहिल्याच रात्रीत तीन गेली. सकाळी ती तीन चपटी पिल्लं तळहातावर घेऊन मी इतकी रडले, की आत्याबाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि परसात कुठं पुरली ते मला सांगितलंही नाही.

मग मी हौसाताईंना बोलावलं. हौसाताई गावच्या पशुसखी, जनावरांची लस, औषधं त्याच बघतात. कड्याजवळ उकिडवं बसून त्यांनी मला समजावलं होतं, "रेश्मा, पिल्लं तोंडानं सांगतात बघ. वरडायला लागली म्हणजे गारठलीत. लांब पळून चोची उघडून बसली म्हणजे उकडतंय. अन् गप्प पसरून झोपली, की समजायचं ऊब बरोबर हाय. आपण बी मग निवांत व्हायचं. आन् एक. वारं लागू द्यायचं न्हाई. फट दिसली की बुजवायची. वारं लागलं की संपलंच."

मी ते शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं होतं.

आत्याबाई हात पुसत खोलीत आल्या. पिल्लांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुझी शेगडी काढू का?"

माझी शेगडी म्हणजे माझ्या बाळंतपणातली. मला आई नाही, त्यामुळं बाळंतपण सासरीच झालं. जुन्या कौलारू घरात आत्याबाईंनी सव्वा महिना मला आणि तनूला शेक दिला होता. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या. त्या उबेत मी आयुष्यात कधी झोपले नव्हते तशी झोपले होते. शेगडी म्हटल्यावर मला इतकं हायसं वाटलं की मी म्हणाले, "अगंबाई, हे मला कसं सुचलं नाही!"

आत्याबाईंनी अंगणात कोळसे पेटवले. मी आतून दोनदा विचारलं, "झालं का?" दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "धूर सरू दे. धुरानं पोरीचे डोळे चुरचुरतील." धूर पूर्ण गेला, निखारे लाल झाले, वर पांढरी राख धरली, तेव्हा कुठं त्यांनी शेगडी आत आणून कड्याच्या मधोमध चार विटांवर ठेवली. भोवती जाळी लावली, पिल्लू भाजू नये म्हणून.

"मी बांधावरून घास कापून आणते. गाय उपाशी हाय." दारातून त्या वळल्या. "दार जरा उघडं ठेव गं."

"हो," मी म्हणाले.

त्या गेल्या. दार उघडं होतं आणि दारातून वारं सरळ पिल्लांवर येत होतं. कडेची पिल्लं अजून ओरडत होती. मी दार लोटलं. तरी खालून वारं येतच होतं, तुसाचे कण हलताना दिसत होते. मी रिकामं पोतं घेतलं, त्याची वळकटी केली आणि दाराखाली कोंबली. खिडकीच्या काचेला वर एक फट होती, तिथं दुसरं पोतं खोचलं. फट दिसली की बुजवायची. नवी खोली चार महिन्यांपूर्वीच बांधलेली, वर स्लॅब, भिंती गुळगुळीत. बुजवायला अजून काही उरलंच नाही.

दहा मिनिटांत खोली उबदार झाली. पिल्लं शेगडीपासून वीतभर अंतरावर गोल करून बसली. ओरडणं कमी होत गेलं. तनू पोटभर दूध प्यायली आणि पिता पिताच तिनं डोळे मिटले. तिला झोळीत घातलं, वर माझी जुनी साडी पांघरली. मी भिंतीला टेकून बसले. माझं डोकं जड झालं होतं. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी कोणी अंगठे दाबल्यासारखं. मला वाटलं झोप नाही, काल रात्री चारदा उठले होते, त्याचं असेल. उठताना पोटात ढवळून आलं. चहा घेतला की बरं वाटेल म्हणून मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. पोतं आतून सरकलं होतं, ते मी बाहेरून बोटांनी परत नीट आत सारलं.

जुन्या घरात चुलीवर चहा केला. बाहेरच्या गार हवेनं डोकं उतरलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की घरात आवाजच नाही.

तनूच्या जन्मापासून असं झालं नव्हतं. आत्याबाई बांधावर, नवनाथ कामावर, पोर झोपलेली, पिल्लं गप्प. मी चहा बसून प्यायले, शेवटपर्यंत गरम. मग वाटलं, डोकं धुऊन घ्यावं. आठ दिवस केसांना पाणी नव्हतं. मोरीत गेले, बादलीभर कढत पाणी घेतलं, आणि केसांना शिकेकाई चोळताना चक्क गाणं म्हणत होते. कुठलं गाणं ते आठवतंय, पण ते मी नंतर कधी म्हटलं नाही.

ओल्या केसांना पंचा गुंडाळून मी खोलीचं दार उघडून आत डोकावले. हे मला नीट लिहायला हवं, कारण हेच मी सहा वर्षं मनात मागे-पुढे करत आलेय. मी आत बघितलं. सगळी पिल्लं पसरून झोपली होती. पाय मागे ताणून, पंख जरा उघडे टाकून, माना तुसावर ठेवून. गप्प. मला हसू आलं. मनात म्हणाले, बघा हौसाताई, ऊब बरोबर. झोळी हलत नव्हती. साडीच्या कडेतून तनूची एक टाच दिसत होती, गुलाबी, छान गुलाबी.

मी दार लावून घेतलं. हळू, आवाज न करता.

केस पुसत ओट्यावर उभी राहिले तेव्हा माझा पदर ओला झाला. दूध आलं होतं. तनूची वेळ झाली की येतं. ती कधी चुकली नव्हती, दूध यायच्या आधी तिचं रडणं यायचं. मी थोडी थांबले. रडणं आलं नाही. गारठ्यात लेकरं जास्त झोपतात, स्वतःला सांगितलं. मग म्हटलं, एकदा बघून यावं.

कड्याजवळून जाताना एक पिल्लू आतल्या बाजूनं कड्याला चिकटून पडलं होतं. जरा आत सरकवावं म्हणून उचललं. त्याची मान माझ्या बोटांवरून खाली लोंबली.

दुसरं उचललं. तेही तसंच. गरम होतं, जिवंत पिल्लाइतकंच गरम.

मी झोळीकडे कशी पोचले माहीत नाही. तनूला काढलं. तिचे गाल लाल होते, ओठ लाल होते, लग्नातल्या बाहुलीसारखे. "तनू." तिचं डोकं माझ्या दंडावरून मागं पडलं. "तनू, ए तनू, ए बाळा." हात खाली सरळ लोंबत होते. मी तिचं तोंड माझ्या गालाला लावलं, श्वास लागतोय का बघायला, आणि माझाच श्वास एवढा मोठा होता की मला काही कळेना.

"आत्याबाई! आत्याबाई!"

त्या घासाचा भारा डोक्यावर घेऊन फाटकातून आत येत होत्या. भारा तिथंच टाकला.

"काय झालं?"

"उठत नाही. ती उठत नाही. पिल्लं मेली सगळी, ही उठत नाही."

त्यांनी तनूला माझ्या हातातून ओढून घेतलं. ओढूनच. वाऱ्याच्या तोंडाला धरलं, अंगावरचं झबलं वर केलं, आणि तिच्या तळव्यांवर सटासट चापट्या मारल्या. "ए भवाने, डोळे उघड. ए, तुझ्या आज्जीशी बोल. उघड म्हणते ना." एक हात सारखा तिच्या छातीवर. मी शेजारी उभी राहून तिच्या पायांकडे बघत होते. चापट्या बसत होत्या आणि पाय तसेच होते.

"श्वास हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बारीक हाय, पण हाय. दूधगाडी बघ. पळ!"

दूधगाडी त्या वेळेला वरच्या वाडीतून खाली येते. मी ओल्या केसांनी, अनवाणी रस्त्यावर जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. वळून बघितलं तर आत्याबाई तनूला ओट्यावर वाऱ्यात ठेवून खोलीत शिरल्या होत्या. त्यांनी दाराखालचं पोतं पायानं उडवलं. खिडकीतलं पोतं उपटून बाहेर फेकलं. शेगडी पदरानं धरून अंगणात आणून उलटी केली. मग दोन्ही पोत्यांकडे एकदा बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

गाडीत पुढं आम्ही दोघी, मधे तनू. ड्रायव्हरला आत्याबाईंनी एवढंच सांगितलं, "बाबा, गाडी फुटली तरी चालंल." खिडकीची काच खाली केलेली, वारं थेट तनूच्या तोंडावर. आत्याबाई सारख्या बोलत होत्या. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाच्या दारात कुत्रं व्यालं, असलं काहीही, तिच्या कानाला तोंड लावून. मी तिचा अंगठा धरून बसले होते. सुगावच्या वळणाजवळ तनूनं एकदा ओकारी काढली. दूध बाहेर आलं. मी घाबरून किंचाळले.

"वरडू नको," आत्याबाई म्हणाल्या. "ओकली म्हणजे हाय. मेलेलं ओकत न्हाई."

तालुक्याच्या दवाखान्यात तिला माझ्याकडून घेतलं आणि दार लावलं. नंतर बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. मी अनवाणी, केस तसेच गळत. आत्याबाईंच्या तळहाताला शेगडीचा चटका बसला होता, फोड आला होता. त्या तो फोड दुसऱ्या हातानं झाकून बसल्या होत्या. एकदा आतून काहीतरी आपटल्याचा आवाज आला, तेव्हा आम्ही दोघी एकदम उठलो आणि एकदम बसलो.

नवनाथ आले तेव्हा दुपार कलली होती. शोरूमचे तेलकट कपडे अंगावर. त्यांच्या मागोमागच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयानं माझ्यापेक्षा लहानच असतील.

"रडली," त्या म्हणाल्या. "चांगली रडली. ऑक्सिजन चालू आहे, अजून दोन दिवस ठेवू." मग त्यांनी आमच्या तिघांकडे पाहिलं. "कोळशाची शेगडी होती ना खोलीत? बंद खोलीत?"

"शेगडी?" नवनाथ म्हणाले.

"निखाऱ्यातून वायू निघतो. त्याला वास नाही, धूर नाही, काही कळत नाही. माणूस झोपतो आणि झोपूनच राहतो. गाल गुलाबी दिसतात, म्हणून घरच्यांना वाटतं लेकरू मस्त झोपलंय. अजून पंधरा मिनिटं तशीच राहिली असती, तर मी आता तुमच्याशी काय बोलले असते मला माहीत नाही. कोणी ठेवली शेगडी?"

"मी," आत्याबाई म्हणाल्या.

"पण आजी, तुम्ही तर बाळंतिणीच्या खोलीतही शेगडी ठेवता, तेव्हा..."

"त्या घराला कौलं हायेत. वारं खेळतं. हे ध्यानात आलं न्हाई माझ्या."

"दारं-खिडक्या कोणी लावल्या?"

माझं तोंड उघडलं होतं. शब्द ओठांपर्यंत आला होता. आत्याबाईंनी बघितलंही नाही माझ्याकडे.

"मीच लावल्या. पोती बी मीच कोंबली. पिल्लं गारठत व्हती. ही न्हायला गेली व्हती, हिला ठावं न्हाई."

नवनाथ आईकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "कोंबड्यांसाठी? आई, कोंबड्यांसाठी?" आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी तोंड मिटलं.

नंतर दवाखान्याच्या नळावर पाणी भरताना मी आत्याबाईंना गाठलं. "का खोटं बोललात?"

"काय खोटं? शेगडी मीच पेटवली ना?"

"दार उघडं ठेव म्हणून सांगून गेला होतात तुम्ही."

"मग? दोघींची नावं सांगू त्याला?" त्यांनी तांब्या विसळला. "दोघींची भीती बसली त्याच्या मनात, तर पोर ठेवंल कुणाकडं? एकीकडं तरी राहिली पायजे. तिला पाजायचं तुला हाय, मला न्हाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "केस बांध. सर्दी व्हईल."

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. खरं सांगते, आधी मला सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तनूला घरी आणलं. पिल्लांपैकी एकोणीस वाऱ्यावर आल्यावर उठली होती, ती हौसाताई आपल्या घरी घेऊन गेल्या होत्या. कडं, टोपली, तूस सगळं नवनाथांनी परसात नेऊन टाकलं. मग आईसमोरच मला म्हणाले, "तनूला आईकडं एकटं सोडायचं नाही. मांडीवरसुद्धा नाही. मी घरात असो-नसो. समजलं?"

आत्याबाई चुलीत लाकूड सारत होत्या. त्यांनीच उत्तर दिलं, "समजलं."

त्यानंतरचे दिवस मी घाबरत काढले. तनू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरायचं. झोप लांबली की तिला हलवून उठवायचं, ती चिडून रडली की मला बरं वाटायचं. आणि ते घरी असले की वेगळीच भीती. ते पाणी मागायचे, मला वाटायचं, आता विचारतात की काय. खरं कळलं तर तनूला ते माझ्याकडेही सोडणार नाहीत. उचलून नेतील, त्यांच्या बहिणीकडे ठेवतील. नाहीतर मलाच म्हणतील, जा संगमनेरला. मला आई नाही. मी कुणाकडे जाऊ? म्हणून गप्प.

रविवार होता. त्या दिवसाला अकरा दिवस झाले होते. आभाळ मोकळं झालं होतं, ओट्यावर ऊन आलं होतं. आत्याबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नवनाथ आत आरशापुढे दाढी करत होते. मी दारात बसून लंगोट्यांच्या घड्या घालत होते आणि तनू रांगत होती.

रांगत रांगत ती आजीकडे गेली. तिला काय माहीत. तिनं त्यांचा पदर धरला आणि उभं राहायला बघितलं. आत्याबाईंनी दोन्ही हात वर उचलले, थेट खांद्यापर्यंत, पोलिसानं पकडलेला चोर उचलतो तसे. "जा गं बाय. आईकडं जा तुझ्या. जा." आणि मान वळवून आत बघितलं, मुलानं पाहिलं का ते.

तनू त्यांच्या गुडघ्याला धरून हसत होती. त्यांचे हात वरच. तळहाताचा फोड वाळून काळा झाला होता.

मी उठले. तनूला उचललं आणि आत गेले. नवनाथांच्या अर्ध्या गालाला फेस होता.

"अहो. दार मी लावलं होतं."

"कुठलं दार?"

"त्या दिवशीचं. आत्याबाई दार उघडं ठेव म्हणून सांगून गेल्या होत्या, त्या घरी नव्हत्याच. मी दार लावलं. पोती मी कोंबली, खालीही आणि खिडकीतही. मग मी न्हायला गेले. एकदा येऊन आत बघितलं, तरी मला कळलं नाही, मी परत दार लावून घेतलं."

वस्तरा त्यांच्या हातात तसाच राहिला. आरशातून ते माझ्याकडे बघत होते.

"आई तर म्हणाली..."

"माझ्यासाठी खोटं बोलल्या."

"आणि तू ऐकून घेतलंस."

"हो."

"अकरा दिवस."

"हो."

ते वळले. वस्तरा फळीवर ठेवला. तनू माझ्या कडेवर होती, त्यांच्या गालावरचा फेस धरायला हात पुढे करत होती. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"दे तिला."

मला नाही म्हणता आलं नाही. मी तिला दिलं. तिला घेऊन ते दाराबाहेर गेले आणि माझे हात तसेच पुढे राहिले, खाली घ्यायचं सुचेना. मी खाटेच्या कडेला बसले आणि फाटकाचा आवाज येतो का ऐकत राहिले.

फाटक वाजलं नाही. ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज आला, "काय रे? तोंडाला फेस घेऊन कुठं निघालास?"

"घे हिला."

"नको बाबा. तूच म्हणालास ना..."

"आई, घे म्हणतोय ना."

सूप बाजूला सारल्याचा आवाज. मग कुणीतरी नाक ओढलं. कोण ते मला कळलं नाही.

ते आत आले. माझ्याशी बोलले नाहीत. आरशापुढे उभे राहून उरलेल्या गालावरून वस्तरा फिरवायला लागले. हनुवटीला लागलं, रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी पुसला नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि वाट बघत होते. आता म्हणतील. हे झालं की म्हणतील. पिशवी भर म्हणतील.

बाहेर तनू रडायला लागली. ते रडणं मला ओळखीचं होतं, भुकेचं.

"रेश्मे!" आत्याबाईंनी हाक मारली. "अगं, भुकेली ही. घे की येऊन!"

मी जागची हलले नाही. मला वाटलं, मी उठून गेले आणि त्यांनी अडवलं तर?

"ए रेश्मे, ऐकू येतं का?"

नवनाथांनी वस्तरा पाण्यात बुडवला. आरशातच बघत, माझ्याकडे न वळता ते म्हणाले, "तुला बोलावतीय."

मी तरीही बसून राहिले.

"जा," ते म्हणाले. "रडतीय ना ती. जा लवकर."